माया आहे, पण माहिती?

परवा आमच्या बचत गटाच्या मीटिंगला एक मैत्रीण उशिरा आली. डोळे सुजलेले. घरातला मोत्या आदल्या रात्री गेला होता. उंदरांसाठी पिठाच्या गोळीत औषध कालवून धान्याच्या पोत्यांमागे ठेवलं होतं, ते त्यानं खाल्लं. "कुत्रंच ते, दुसरं आण," एक जण सहज म्हणाली. मला मात्र माझी मनी आठवली.

काही वर्षांपूर्वी मनी तापानं मलूल पडली होती. घरात पोरांसाठी आणलेली पॅरासिटामॉलची गोळी होती. अर्धी गोळी दुधात विरघळवून मीच तिला पाजली. दुसऱ्या दिवशी तिचं तोंड सुजलं, हिरड्या करड्या पडल्या, धाप लागली. जनावरांच्या डॉक्टरांकडे नेईपर्यंत उशीर झाला होता. मांजराच्या शरीराला हे औषध पचत नाही, त्याचं रक्त प्राणवायू वाहून न्यायचं काम सोडून देतं, हे मला तेव्हा कळलं. माझी माया कमी नव्हती, माहिती कमी होती.

म्हणून मैत्रिणींनो, आपल्याच घरावरून एकदा नजर फिरवा. आपला नगर जिल्हा, आताचा अहिल्यानगर, कांद्याचा. पारनेर काय, घोडेगाव काय, कांद्याशिवाय चूल पेटत नाही. रात्री उरलेल्या रश्श्यात भाकरी कुस्करून आपण कुत्र्याला घालतो. पण कांदा-लसूण कच्चा असो की शिजलेला, कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या पेशी फोडतो. एखाद्या घासानं काही दिसत नाही, रोजच्या घासानं जनावर फिकट आणि अशक्त होत जातं. प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडावर जातात. पोरं लाडानं देतात ते चॉकलेटही त्याला विषच. त्यापेक्षा फोडणीआधी साधा भात, साधं वरण बाजूला काढावं. एक वाटी जास्तीची, एवढंच.

कपाटातल्या डांबराच्या गोळ्या, फरशीवरचं फिनेल हेही तसंच. मांजर ओल्या फरशीवरून चालतं आणि मग पाय चाटतं. फरशी वाळेपर्यंत त्याला बाहेर ठेवा. गोचीड झाले म्हणून शेतात फवारायचं औषध कुत्र्याच्या अंगाला चोळणारे तर घरोघरी आहेत. ते कातडीतून आत जातं. आणि कुत्र्यांसाठी मिळणारं गोचिडाचं औषध मांजराला लावू नका, त्यातली काही मांजराच्या जिवावर बेततात.

यावर कुणी म्हणेल, "ताई, माणसांचंच धड होत नाही, कुत्र्या-मांजरांचे कसले लाड?" मी म्हणते, हा लाडांचा प्रश्नच नाही. पोत्यामागची जी गोळी मोत्याला सापडली, ती रांगत्या नातवालाही सापडली असती. डांबराची गोळी त्याला पेपरमिंटसारखीच दिसते. जनावरासाठी सुरक्षित केलेलं घर लेकरासाठीही सुरक्षित होतं. शिवाय घरातली औषधं, फिनेल, उरलंसुरलं अन्न सगळं आपल्याच हातून जातं. मुकं जनावर डबा वाचत नाही. वाचायचं आपण.

उंदरांसाठी आधी सापळा लावा, धान्य पत्र्याच्या कोठीत ठेवा. औषध वापरावंच लागलं तर जनावर आणि मूल पोचणार नाही अशाच जागी ठेवा, आणि सकाळी उरलेल्या गोळ्या मोजून उचला. काही औषधांचा परिणाम लगेच दिसत नाही, दोन-चार दिवसांनी आतून रक्तस्राव सुरू होतो. म्हणून जनावरानं खाल्ल्याची शंका जरी आली तरी तेल, मिठाचं पाणी पाजत वेळ घालवू नका. औषधाचं पाकीट सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा. पाकिटावरून डॉक्टरांना उपाय ठरवता येतो, काही विषांवर व्हिटॅमिन के देऊन जीव वाचतो. आणि माणसाची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जनावराला कधीही देऊ नका.

त्या दिवशी आम्ही बचत गटाचा हिशोब लवकर आटोपला आणि प्रत्येकीनं आपल्या घरातल्या अशा वस्तूंची यादी केली. मोत्या गेलेली मैत्रीण सगळ्यात जास्त बोलली. "दुसरं आण" म्हणणारी मात्र गप्प होती. जाताना हळूच म्हणाली, "आमच्याकडे पण फडताळाखाली गोळ्या ठेवल्यात गं. घरी गेल्या गेल्या उचलते."