इशारा देणाऱ्याला जागा द्या

कळंबोली ते किवळे हा सुमारे ९४ किलोमीटरचा मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण खुला झाला. जाणाऱ्यांसाठी तीन लेन, येणाऱ्यांसाठी तीन लेन, मध्ये दुभाजक, दुचाकी आणि रिक्षांना मज्जाव. आज तिशी-चाळिशीत असलेल्या महाराष्ट्रातल्या अनेकांनी ताशी शंभरचा वेग पहिल्यांदा याच रस्त्यावर अनुभवला. त्यानंतर समृद्धी महामार्ग आला. त्याचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला. रस्ते बदलले, गाड्या बदलल्या, वेग दुप्पट झाला. पण रस्त्यावर एकमेकांशी बोलायची आपली भाषा अजून जुन्या दुपदरी हमरस्त्याचीच आहे. या लेखाचा विषय ती भाषा आहे.

जुन्या रस्त्यावर एकच लेन जायला आणि एक यायला होती. पुढे ट्रक असेल तर मागच्याने हॉर्न वाजवून किंवा डिपर मारून साइड मागायची. ट्रकच्या डाव्या बाजूला बसलेला क्लीनर हात बाहेर काढून ‘ये’ किंवा ‘थांब’ सांगायचा. ट्रकच्या मागे रंगवलेले ‘हॉर्न ओके प्लीज’ हे त्याच व्यवहाराचे निमंत्रण होते. पुढच्याने मागे पाहायची गरज नव्हती; मागच्याने आपण आलो आहोत हे ओरडून सांगायचे, असा तो अलिखित करार होता. २०१५ साली महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने ही अक्षरे रंगवायला बंदी घातली. अक्षरे गेली, करार मात्र डोक्यात राहिला.

तीन लेनच्या रस्त्यावर हा करार उलटा करावा लागतो. इथे मागच्याने मागायचे नसते, आपली जागा सोडणाऱ्याने आधी सांगायचे असते. सरळ आपल्या लेनमध्ये चाललेल्या गाडीकडून कुणालाही काही धोका नाही. धोका तेव्हा तयार होतो, जेव्हा एखादी गाडी एका लेनमधून दुसरीत शिरते. म्हणून आरशात बघण्याची, इंडिकेटर देण्याची आणि वाट पाहण्याची जबाबदारी शिरणाऱ्यावर येते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२१ नुसार ठरवून दिलेले इशारे देणे चालकाला बंधनकारक आहे. तरीही आपल्याकडे इंडिकेटर ही मर्जीची गोष्ट समजली जाते.

थोडा हिशेब करू. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २८ मीटर. पुढे काही घडल्याचे मेंदूला कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो, म्हणजे २८ मीटर गेले. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर, चांगल्या टायरनिशी, गाडी पूर्ण थांबायला आणखी सुमारे ५५ मीटर लागतात. एकूण ८० मीटरच्या पुढे. पुढच्या गाडीपासून तीन सेकंदांचे अंतर ठेवा असे म्हणतात, ते याच आकड्याच्या जवळ जाते. आता या ८० मीटरच्या मोकळ्या जागेत मधोमध कुणी इशारा न देता घुसला, तर मागच्या चालकाचे अंतर एका क्षणात निम्मे होते. त्याने स्वतः कोणतीही चूक केलेली नसते.

नवीन गाड्यांत इंडिकेटरच्या दांडीला हलका धक्का दिला की दिवा तीनदा लुकलुकून आपोआप बंद होतो. इंडिकेटर साधारणपणे मिनिटाला ९० वेळा लुकलुकतो. म्हणजे तीन वेळा लुकलुकायला दोन सेकंद. तेवढ्यात मागच्याने ते पाहायचे, समजून घ्यायचे आणि वेग कमी करायचा, हे शक्य नाही. त्यातही बहुतेक जण पहिल्या लुकलुकीबरोबरच गाडी वळवतात. मग तो इशारा राहत नाही, घडून गेलेल्या गोष्टीची बातमी होते. किमान चार-पाच सेकंद दिवा चालू ठेवून, पुन्हा आरशात पाहून, मान वळवून बाजूच्या आंधळ्या कोपऱ्यात नजर टाकून मग एकच लेन बदलायची. दोन लेन बदलायच्या असतील तर हीच सगळी क्रिया दोनदा.

दुसरा घोळ अर्थाचा आहे. मी सॉफ्टवेअरच्या व्यवसायात आहे. दोन यंत्रे एकमेकांशी बोलणार असतील तर एका संदेशाचा एकच अर्थ ठरलेला असावा लागतो. तो दोन्हीकडे वेगळा धरला गेला की यंत्रणा कोसळते. रस्त्यावर आपण नेमके तेच करतो. पुढचा ट्रक उजवा इंडिकेटर देतो, तेव्हा तो उजवीकडे येणार आहे, की ‘उजवीकडून ये, मी साइड देतो’ म्हणतोय, की ‘समोरून गाडी येतेय, थांब’? जुन्या हमरस्त्यावर हे तिन्ही अर्थ चालत. द्रुतगती मार्गावर फक्त पहिला चालला पाहिजे. डिपरचेही तेच. कुणासाठी त्याचा अर्थ ‘तू ये’ असतो, कुणासाठी ‘मी थांबणार नाही, तू थांब’. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये दिवे मारण्याचा एकच अर्थ दिला आहे: मी इथे आहे. त्याहून अधिक काही गृहीत धरू नका, असे तिथे बजावलेले असते.

सर्वांत घातक सवय चारही इंडिकेटर लावून गाडी चालवण्याची. भाताण, माडप किंवा कामशेतच्या बोगद्यात शिरताना, किंवा पावसाळ्यात बोरघाटात धुके उतरले की अनेक जण चारही दिवे सुरू करतात. काळजीपोटीच करतात. पण बहुतेक गाड्यांत चारही दिवे चालू असताना डावे-उजवे इंडिकेटर दिसतच नाहीत. म्हणजे दृश्यमानता सर्वांत कमी असताना आपण आपली बोलण्याची सोय स्वतः बंद करतो. शिवाय बंद पडून उभी असलेली गाडी आणि चालती गाडी यांतला फरकही पुसला जातो. धुक्यात आणि बोगद्यात हेडलाइट लो-बीमवर ठेवावेत, वेग कमी करावा. चार दिवे थांबलेल्या गाडीसाठी राखून ठेवावेत.

आता खरे दुखणे. इंडिकेटर का देत नाही असे विचारले की उत्तर ठरलेले असते: ‘इंडिकेटर दिला की मागचा ॲक्सिलरेटर दाबतो आणि जागा बंद करतो. न सांगता घुसलं तरच शिरता येतं.’ हे उत्तर खोटे नाही. आपल्या रस्त्यावर जो प्रामाणिकपणे सांगतो त्याला शिक्षा होते आणि जो कट मारतो त्याला बक्षीस मिळते. त्यामुळे शिस्तीने वागणारा माणूसही दोन-चार फेऱ्यांत शहाणा होतो आणि दिवा देणे सोडतो. केवळ ‘इंडिकेटर द्या’ असे फलक लावून हे सुटणार नाही. इशारा देणाऱ्याइतकीच जबाबदारी तो पाहणाऱ्याची आहे. इंडिकेटर ही परवानगी नव्हे, ती विनंती आहे. आणि विनंती करणाऱ्याला रस्ता अडवून उत्तर देणे हा उद्धटपणा आहे.

जागा दिल्याने आपण मागे पडतो, हा समजही तपासून पाहू. तुम्ही ताशी शंभरने चालला आहात आणि एक गाडी तुमच्या पुढे शिरली. तुम्ही किंचित वेग कमी करून पुन्हा तीन सेकंदांचे अंतर तयार केले. तुमचे नुकसान किती? तीन सेकंद. कळंबोलीपासून किवळ्यापर्यंत अशा वीस गाड्यांना जागा दिली तरी एकूण नुकसान एक मिनिट. एवढा वेळ तर टोलनाक्यावर सुटे पैसे शोधण्यात पूर्वी सहज जायचा. या एका मिनिटासाठी आपण मागे बसलेल्या मुलांचा आणि आईवडिलांचा जीव टांगणीला लावतो.

उलट घाई केल्याने सगळ्यांचाच वेळ जातो. जपानमधल्या संशोधकांनी २३० मीटर घेराच्या वर्तुळाकार मार्गावर २२ गाड्या एकाच वेगाने चालवायला सांगितल्या. हा प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. मार्गावर ना सिग्नल, ना खड्डा, ना अरुंद वळण. तरी थोड्याच वेळात कुणीतरी किंचित वेग कमी केला, मागच्याने त्याहून अधिक, त्याच्या मागच्याने त्याहूनही अधिक, आणि कोंडीची लाट उलट्या दिशेने सरकू लागली. अचानक मारलेला एक कट असाच मागच्या शंभर गाड्यांना ब्रेक लावायला लावतो. कट मारणारा निघून जातो. शनिवारी सकाळी घाटात अडकलेल्यांना पुढे अपघातही दिसत नाही, कामही दिसत नाही. ‘एवढा ट्रॅफिक कशामुळे होता?’ हा प्रश्न तसाच राहतो.

ट्रकवाल्यांना दोष देणे सोपे आहे. जड वाहनांनी डाव्या लेनमध्ये राहावे हा नियम आहे, आणि घाटात तीन ट्रक शेजारीशेजारी चढताना सगळ्यांनी पाहिले आहेत. ताशी ३८ने चढणाऱ्या ट्रकला ताशी ४२ने चढणारा ट्रक ओलांडू लागला, तर दोघांच्या लांबीचा आणि अंतराचा विचार करता त्याला सुमारे ४५ सेकंद आणि अर्धा किलोमीटर लागतो. तेवढा वेळ एक लेन बंद. हे थांबलेच पाहिजे. पण भरलेल्या ट्रकच्या चालकाच्या जागी बसून पाहा. त्याची डावी बाजू मोठ्या प्रमाणात आंधळी आहे आणि बऱ्याच ट्रकवर आता क्लीनरही नसतो. डाव्या लेनमध्ये बंद पडलेले वाहन उभे असते, तर मोटारी त्याच्या डावीकडून ओव्हरटेक करत सुटतात. उजवी लेन अडवणारा ट्रक आणि ट्रकच्या डावीकडून झपकन निघणारी मोटार हे एकाच गोंधळाचे दोन भाग आहेत. आणि उजव्या लेनमध्ये ताशी ८०ने निवांत चालणाऱ्या, मागे रांग लागली तरी न हलणाऱ्या मोटारीही काही कमी नाहीत. उजवी लेन ओव्हरटेकसाठी आहे. ओव्हरटेक झाले की मधल्या लेनमध्ये परत यायचे.

या रस्त्याने महाराष्ट्राची ओळखीची माणसेही नेली. फेब्रुवारी २००१ मध्ये भक्ती बर्वे, डिसेंबर २०१२ मध्ये आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे, १४ ऑगस्ट २०२२च्या पहाटे विनायक मेटे. या अपघातांची कारणे एक नव्हती. पण प्रत्येक वेळी आठवडाभर चर्चा झाली आणि मग आपण पुन्हा डिपर मारत निघालो. ज्यांची नावे वर्तमानपत्रात येत नाहीत त्यांची संख्या प्रचंड आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मरण पावली. त्या अहवालात नियमभंगानुसार वर्गवारी आहे: अतिवेग, दारू, उलट दिशेने वाहन चालवणे, सिग्नल तोडणे, मोबाइल आणि इतर. इशारा न देता लेन बदलणे यासाठी स्वतंत्र रकाना नाही. जे मोजले जात नाही त्यावर पैसा, पोलीस आणि लक्षही खर्च होत नाही. हा रकाना सुरू करावा, ही आमची पहिली मागणी आहे.

दुसरी मागणी परवान्याच्या चाचणीबद्दल. योग्य इशारा देऊन काळजीपूर्वक लेन बदलता येणे हा केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या चाचणीचा भाग आहे. प्रत्यक्षात मैदानात आठचा आकडा काढला, थोडे मागे-पुढे केले की परवाना हातात पडतो. आयुष्यात कधी ताशी ६०च्या वर न गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी द्रुतगती मार्गावर ताशी शंभरने जाऊ शकतो. ड्रायव्हिंग स्कूलनी निदान एक धडा वेगवान, अनेक लेनच्या रस्त्यावर द्यावा. तिसरी मागणी अंमलबजावणीची. २०१९च्या दुरुस्तीनंतर बेकायदा ओव्हरटेकिंग हे धोकादायक वाहनचालनात स्पष्टपणे मोडते. कॅमेरे वेग पकडतात तशी कट मारणारी गाडीही पकडली जावी. दंडाची भीती कॅमेऱ्यापुरती असते हे खरे, पण सुरुवात तिथून करायला हरकत नाही.

बाकीचे काम आपले आहे, आणि त्यासाठी सरकारची वाट पाहायची गरज नाही. आपल्या वस्तीत, मोहल्ल्यात, कंपनीच्या पार्किंगमध्ये गाडी चालवणारी तरुण मुले आहेत. टेम्पो, ट्रक, कॅब चालवून घर चालवणारे भाऊ, मामू, चाचा आहेत. त्यांच्याशी याबद्दल बोलता येईल. कॅबमध्ये मागच्या सीटवर बसून ‘भाऊ, जरा लवकर घ्या’ म्हणणे बंद करता येईल, कारण अनेक कट प्रवाशाच्या घाईपोटी मारले जातात.

रस्ता ही आपल्या समाजातली फार वेगळी सार्वजनिक जागा आहे. शेजारच्या लेनमधला माणूस कोण, कुठल्या गावचा, कुठल्या जातीधर्माचा, हे काचेतून कळत नाही आणि कळायची गरजही नसते. दिसतो तो एक लुकलुकणारा दिवा. त्या दिव्यावर विश्वास ठेवून अनोळखी माणसे ताशी शंभरच्या वेगाने एकमेकांशेजारून सुरक्षित जाऊ शकतात. तो विश्वास रोज थोडा तुटतो किंवा रोज थोडा बांधला जातो. पुढच्या वेळी कुणाचा इंडिकेटर दिसला की पाय ॲक्सिलरेटरवरून उचला. तीन सेकंद जातील.