फुकट आहे, पण शोकेसमध्ये कुठाय?

ऑफिसच्या कँटीनमध्ये हमखास भांडण लावायचं असेल, तर राजकारण नको की क्रिकेट नको. आयटीवाल्यांच्या टेबलपाशी जायचं आणि साळसूदपणे विचारायचं, ‘काय रे, ते लिनक्स घरोघरी कधी येणार?’ बस! चहा गार होईपर्यंत करमणूक. एक जण म्हणतो, हेच ते वर्ष (हे तो वर्षानुवर्षं म्हणतोय). दुसरा म्हणतो, सात जन्मांत नाही. मी हल्ली या भांडणात तिसरीच बाजू घेते.

कारण हा विषय आता नुसता टाइमपास राहिलेला नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि प्रोसेसर साधारण २०१८ च्या आसपासचा किंवा त्यानंतरचा. म्हणजे पहिल्या नोकरीत हप्ते भरून घेतलेला, अजून टुणटुणीत असलेला तुमचा लॅपटॉप एका तारखेत म्हातारा! सुरक्षेच्या अपडेट्सना वर्षभराची वाढीव मुदत मिळाली खरी, पण मुदत ती मुदतच. अशा मशीनवर उबुंटू किंवा मिंट मजेत चालतं. पैसा लागत नाही. मग लोक टाकून का घेत नाहीत?

आमच्या लिनक्सभक्ताचं उत्तर ठरलेलं. ‘अगं, लोक आळशी आहेत. नवीन काही शिकायलाच नको त्यांना.’

मला हे अजिबात पटत नाही. माणसं शिकतात हो! साठीतल्या आपल्या आया यूपीआय शिकल्या, व्हॉट्सअ‍ॅपचे ग्रुप चालवायला लागल्या. आणि त्यांच्या हातातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटात काय आहे? लिनक्सचाच कर्नल! त्यांना ते कधी ‘टाकून’ घ्यावं लागलं नाही, फोनबरोबर आलं. चाललं. विषय संपला.

खरी गोम इथेच आहे. सामान्य माणूस ऑपरेटिंग सिस्टीम निवडतच नाही. तो लॅपटॉप निवडतो आणि आत जे असेल ते वापरतो. २००७ मध्ये असुसने ई पीसी आणला. सात इंची छोटुकला, आत लिनक्स. लोकांनी घेतला की! मग २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने निवृत्तीला टेकलेल्या एक्सपीला अशा छोट्या लॅपटॉपसाठी मुदतवाढ दिली आणि बघता बघता ती फळी पुन्हा विंडोजची झाली. २०२२ मध्ये व्हॉल्व्हचा स्टीम डेक आला. तोही लिनक्सवर. विंडोजसाठी लिहिलेले गेम तिथे प्रोटॉन नावाच्या दुभाष्यामार्फत चालतात. सगळे नाही चालत, पण जे चालतात ते चालवताना खेळणाऱ्याला मधल्या दुभाष्याचा पत्ताही नसतो.

‘आपल्याकडेही उबुंटूवाले लॅपटॉप यायचे, काय झालं त्यांचं?’ हा दुसऱ्या पार्टीचा हुकमी एक्का. मुद्दा बिनतोड आहे. त्या लॅपटॉपचं घरी आल्यावर पहिलं काम काय असायचं? ओळखीच्या माणसाकडून विंडोजची ‘कॉपी’ टाकून घेणं! पण का? विकणाऱ्यालाच त्यातलं काही माहीत नसायचं. प्रिंटर अडला, वायफाय रुसलं, तर विचारायचं कुणाला? याउलट केरळ बघा. तिथल्या सरकारी शाळांत गेली कित्येक वर्षं पोरं लिनक्सवरच कॉम्प्युटर शिकतायत, कारण तिथे सरकारने नुसतं सॉफ्टवेअर दिलं नाही, शिक्षकांना ट्रेनिंगही दिलं. अडलं तर विचारायला वर्गातच माणूस आहे.

दुसरी अडचण म्हणजे प्रत्येकाचं ते ‘एक’ काम. आपलं बहुतेक काम ब्राउझरमध्येच होतं. ते लिनक्सवर तसंच होतं. पण सीएकडे टॅली लागतं, डिझायनरला फोटोशॉप, अकाउंट्सवाल्यांना एक्सेलचे मॅक्रो. लिनक्ससाठी फोटोशॉप नाही, एमएस ऑफिसही नाही. लिबर ऑफिस छान आहे, पण तुमच्या रेझ्युमेतला फॉन्ट मशीनवर नसेल तर ओळी सरकतात आणि एका पानाचं दीड पान होतं. मराठी माणसाची आणखी एक गंमत. युनिकोडमधलं मराठी लिनक्सवर झकास दिसतं, इनस्क्रिप्ट कीबोर्डही असतो. पण कचेऱ्यांमधल्या आणि छापखान्यांतल्या जुन्या फॉन्टांतल्या फायली उघडा, देवनागरीच्या जागी अगम्य चिन्हांची रांग!

तिसरी गोष्ट घरचीच भांडणं. एकच प्रोग्रॅम डेब, स्नॅप, फ्लॅटपॅक अशा तीन-तीन रूपांत येणार, मग नवख्याने कुठलं घ्यायचं? २०१४ मध्ये खुद्द लिनस टॉरव्हल्ड्सने या प्रकाराबद्दल जाहीर वैताग व्यक्त केला होता. गाडी थोडी रुळावर येतेय. वायफायला लागणारं फर्मवेअर वेगळं शोधत बसायला लावणाऱ्या डेबियननेही २०२३ च्या आवृत्तीपासून ते इन्स्टॉलरमध्येच द्यायला सुरुवात केली.

थोडक्यात काय, लिनक्सला आणखी चकचकीत आयकॉन नकोत. त्याला शोकेसमध्ये जागा हवी, त्या एकेका कामाला चालेल असा पर्याय हवा आणि बिलावर सही करून ‘बिघडलं तर माझ्याकडे या’ म्हणणारा माणूस हवा.

तोवर तुमचा जुना लॅपटॉप भंगारात घालण्याआधी एवढं करा. पेनड्राइव्हवरून मिंट किंवा उबुंटू चालवून बघा. नुसतं ‘ट्राय’ केलंत तर हार्डडिस्कवरचं काही बदलत नाही. वायफाय, प्रिंटर, आवाज, तुमचं ते एक काम, सगळं तपासा. जमलं तर नव्या लॅपटॉपचे पैसे वाचले, नाहीतर पेनड्राइव्ह काढा आणि विसरून जा.

बाकी माझ्या दृष्टीने लिनक्सचं वर्ष कुठलं ते सांगते. ज्या दिवशी नाक्यावरचा रिपेअरवाला मान वर न करता म्हणेल, ‘लिनक्स ना? ठेवा इथे ताई, संध्याकाळी घेऊन जा’, ते वर्ष!