दत्तक आलेले दोन जीव

गावाच्या नावातच जेथे मांजर बसलेले, त्या आमच्या मांजरसुंब्यात उंदरासारखे दिसणारे दोन जीव मानाने नांदावयास यावेत, हा योग गमतीचाच म्हणावयाचा. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आमची थोरली नात पुण्याहून आली ती टोपलीत दोन गिनीपिग घेऊन. बदलीच्या गडबडीत कोणा कुटुंबास ते नकोसे झाले व जिन्याखाली खोक्यात टाकून दिलेले तिला सापडले. "आजोबा, यांना आपण दत्तक घेऊ," असे म्हणून तिने टोपली आमच्या पुढ्यात ठेविली. त्यावर आमच्या सौभाग्यवती स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या, "दत्तक घेता, तर पंगतीलाही बसवा हो!"

थट्टेतला तो शब्द आमच्या मनात राहिला. नंदपंडितांनी ‘दत्तकमीमांसा’ लिहिली ती माणसांच्या मुलांसाठी. परंतु तिच्यामागील तत्त्व येथेही लागू पडते. दत्तक म्हणजे आश्रित नव्हे. तो घरचा होतो, आणि त्याच्यासाठी घराला आपली रीत बदलावी लागते.

हे आम्हांस तेव्हा कळते तर बरे होते. आम्ही पोपटाचा जुना तारेचा पिंजरा ओसरीवर ठेविला, आणि हरभऱ्याची डाळ व बिस्किटे घालून कृतकृत्य झालो. तीनचार आठवड्यांत एकीची कांती निस्तेज झाली, ती खाईना, पाय टेकताच कण्हू लागली. बीडच्या पशुवैद्यांनी तपासून सांगितले, "मास्तर, हिला क जीवनसत्त्व मिळालेले नाही."

बहुतेक प्राणी हे जीवनसत्त्व आपल्या शरीरात तयार करितात. माणसास व गिनीपिगास ते साधत नाही. १९०७ साली नॉर्वेतील होल्स्ट व फ्रॉलिख या दोन संशोधकांनी गिनीपिगांस केवळ धान्यावर ठेविले, तेव्हा त्यांना खलाशांच्या स्कर्व्हीसारखाच रोग जडला. आणि त्या रोगाचे मूळ आहारात शोधण्याची वाट खुली झाली. त्यापूर्वी १८८२ साली रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचे जंतू ओळखले, तेही याच प्राण्याच्या साहाय्याने. मनुष्यजातीवर ज्यांचे एवढे ऋण, त्यांच्यापैकी एकीस आम्ही आमच्या अज्ञानाने त्याच जुन्या रोगाने पीडिले! औषधाने ती बरी झाली, परंतु आमची मान अद्याप खालीच आहे.

तेव्हापासून आम्ही विद्यार्थी झालो. हा प्राणी नावाप्रमाणे ना गिनी देशाचा, ना डुकराच्या कुळातला. तो दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताचा. तेथील लोकांनी त्याला हजारो वर्षांपूर्वी माणसाळविले. त्याचे दात जन्मभर वाढतात, म्हणून वाळलेले गवत अष्टौप्रहर पुढ्यात हवे. बालाघाटाच्या उतारावर त्याला तोटा नाही. जोडीला ताजी हरळी, कोथिंबीर, ढोबळी मिरची आणि पेरूची लहानशी फोड. फळाचे व त्यांच्या मायदेशाचे नाव आपल्या भाषेत एकच, हाही योगच! लसूणघास मात्र वाढ झालेल्या प्राण्यास रोज घालू नये. त्यातील चुन्याने मुतखडा होण्याचे भय असते. कांदा, लसूण, बटाटा वर्ज्य.

तारेच्या तळाने पाय सोलवटतात. म्हणून नातवाने माजघराच्या कोपऱ्यात फळ्यांचे कुंपण करून दहाबारा चौरस फूट सपाट जागा दिली, आणि लपावयास दोन खोकी ठेविली. उन्हाळा हा खरा वैरी. पारा सत्तावीस अंशांपलीकडे गेला की यांचा जीव घाबरतो. आमच्याकडे वैशाखात तो चाळिसांपुढे जातो. मातीच्या जाड भिंतींचे माजघर आणि फडक्यात गुंडाळलेली गार पाण्याची बाटली, यांनीच त्यांना तारले. एकटेपणही यांना सोसत नाही. स्वित्झर्लंडने तर २००८ साली यांना सोबतीवाचून ठेवण्यास कायद्यानेच मनाई केली. मात्र नर-मादीची जोडी ठेवू नये. सुमारे दोन महिन्यांत घर पिलांनी भरते.

आमच्याच जिल्ह्यात शिरूर कासार तालुक्यात तागडगाव येथे ‘सर्पराज्ञी’ हे जखमी वन्य जीवांच्या शुश्रूषेचे केंद्र आहे. तेथील हरीण बरे झाले की रानात सोडता येते. गिनीपिगास मात्र परतावयास रानच नाही. माणसाने घडविलेली ही जात रानात कोठेच आढळत नाही. त्यास टाकून देणे म्हणजे मोकळे सोडणे नव्हे, मरणाच्या स्वाधीन करणे होय.

तेव्हा वाचकहो, नातवंडांनी हट्ट धरिला तर नाही म्हणू नका. परंतु आधी सर्व घरास एकत्र बसवून विचारा की, पाचसात वर्षे रोज गवत कोण घालील, जागा कोण झाडील, परगावी गेल्यास कोण पाहील? एकत्र कुटुंबात हात पुष्कळ असतात. पण कामाची वाटणी झाली नाही, तर पुष्कळ हातांतूनही जीव उपाशी राहतो.

आमच्याकडे सकाळी सौभाग्यवती कोथिंबीर निवडावयास बसल्या, की माजघरातून दोन शिळा ऐकू येतात. "आले ग पोरींनो!" म्हणत त्या पहिली जुडी तिकडे नेतात, मग आमच्या आमटीचा विचार होतो. पंगतीचा प्रश्न असा सुटला.