वंशावळीविना वारसा

अमरावतीच्या कॅम्प भागात किंवा अकोल्याच्या जठारपेठेत सायंकाळी फेरफटका मारावा, तर बंगल्याबंगल्यासमोर जर्मन शेफर्ड आणि लॅब्रॅडॉर दिसतात. सायबेरियाच्या बर्फात गाडी ओढण्यासाठी घडलेला हस्कीसुद्धा आता वऱ्हाडच्या वैशाखात धापा टाकू लागला आहे. मालक त्याच्या कुळाचा कागद कौतुकाने दाखवितो आणि फाटकापाशी आलेल्या देशी कुत्र्याला ‘गावठी’ म्हणून हाकलतो. या ‘गावठी’ शब्दाचा एकदा हिशेब व्हायला हवा.

ज्याच्या कुळाचा एवढा डौल मिरविला जातो, तो जर्मन शेफर्ड मुळात कोण? जर्मनीतील मेंढपाळाचा कुत्रा! ३ एप्रिल १८९९ रोजी कार्ल्सरूहे येथील प्रदर्शनात कॅप्टन माक्स फॉन स्टेफानिट्झ याने असा एक कुत्रा विकत घेतला, त्याचे नाव होरांड ठेवले, त्याच महिन्यात संस्था स्थापन केली आणि वंशनोंदवहीत त्याला पहिला क्रमांक दिला. आज जगभरचे जर्मन शेफर्ड आपले कूळ होरांडपर्यंत नेतात. धनगरवाड्यावरचा कुत्रा राजमान्य झाला, तो या नोंदवहीच्या बळावर.

इकडे काय घडले? मुधोळच्या घोरपडे संस्थानात मालोजीराजांनी शिकारी कुत्र्यांची जात जोपासली. तिचेच सोयरे असलेले कारवानी कुत्रे लातूर परिसरात आजही पाळले जातात. २००५ साली मुधोळ कुत्रा टपाल तिकिटावर झळकला, २०२० साली पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये त्याचा गौरव केला, राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या यादीतही त्याला स्थान मिळाले. मात्र त्याच्या पूर्वजांविषयी विचारावे, तर उत्तर मिळते ते दंतकथांचे. मालोजीराजांनी पंचम जॉर्जला १९३७ साली या कुत्र्यांची जोडी भेट दिली, असे बिनदिक्कत छापले जाते. वस्तुतः तो राजा जानेवारी १९३६ मध्येच मरण पावला होता! दंतकथेने छाती फुगते. वंश टिकत नाही.

ज्या समाजात तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत कुळाच्या पिढ्यान्‌पिढ्या नोंदल्या गेल्या, सगोत्र विवाह टाळण्याचा दंडक पाळला गेला, त्याला वंशनोंदीचे महत्त्व परक्याने शिकवावे काय? दोष परकीयांचा नाही, आपल्या आत्मविस्मृतीचा आहे. देशीचा जयजयकार व्यासपीठावर आणि खरेदी मात्र विलायतीची, हे ढोंग किती दिवस चालणार?

मनावर घेतले तर काय होते, हेही वऱ्हाडने पाहिले आहे. पूर्णेच्या खोऱ्यातील पूर्णाथडी म्हैस अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या गोठ्यांत पिढ्यान्‌पिढ्या होतीच. तिच्या लक्षणांची शास्त्रशुद्ध नोंद झाली, तेव्हा २०२३ साली ती स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय यादीत आली. म्हैस तीच होती. बदलली ती तिच्याकडे पाहण्याची दृष्टी.

तीच दृष्टी कारवानीला आणि वऱ्हाडच्या मेंढपाळांच्या कुत्र्यांना लाभली पाहिजे. अकोल्यात पशुवैद्यकाची स्नातकोत्तर संस्था आहे, रानोमाळ हिंडणारे धनगर आहेत, शहरांत हौशी श्वानप्रेमीही आहेत. त्यांनी एकत्र येऊन एक वही उघडावी: मातापिता, जन्मतारीख, रंग, उंची, आजार, सारे काही नोंदवावे आणि एकाच वेताची भावंडे जुळवू नयेत. एवढेही होणार नसेल, तर स्वदेशीचा अभिमान सांगण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.