पुढचा भाग आणि मागची पत



आमच्या मसोलीत श्रावणातला पाऊस एकदा बसला की दोन-दोन दिवस उठत नाही. सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपलेली असतात आणि पुढची रात्र लांबच लांब वाटू लागते. अशाच एका रात्री अकरा वर्षांच्या नातवाने फर्मान काढले, "आजोबा, तात्या विंचू बघायचा. दोन्ही भाग!" त्याप्रमाणे महेश कोठारे यांचा १९९३ सालचा 'झपाटलेला' आणि २०१३ सालचा 'झपाटलेला २' हे चित्रपट आम्ही लागोपाठ दोन रात्री पाहिले. सोबतीला माझा पुतण्याही होता. त्याचे येण्याचे खरे कारण वेगळे होते. त्याकडे पुढे येतो.

अद्भुत शक्ती आणि विनोद यांची जोडी जगभर लोकप्रिय आहे. परदेशी 'शझॅम' चित्रपटात एक शब्द उच्चारताच पोरसवदा मुलगा धिप्पाड वीर होतो. शरीर थोराचे, बुद्धी पोराची, म्हणून हसू येते. आपल्या तात्या विंचूचे गणित नेमके उलटे आहे. मंत्राच्या बळावर हा क्रूरकर्मा मरणाला चकवतो खरा, पण येऊन अडकतो तो हातभर बाहुल्यात. दरारा डोंगराएवढा आणि देह खेळण्याएवढा! शक्ती आणि शरीर यांचा मेळ न बसणे, हेच या जातीच्या विनोदाचे मूळ भांडवल होय.

पहिल्या भागात हे भांडवल चोख वापरले आहे. रामदास पाध्ये यांनी बाहुला घडवला, दिलीप प्रभावळकरांनी त्याला आवाज दिला. परंतु त्याला जिवंत केले ते लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या भीतीने. लक्ष्या घाबरतो, गयावया करतो, जीव तोडून सांगतो, आणि त्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. आपण हसत असतो आणि त्याच क्षणी त्याची कीवही करत असतो. तो नुसता बाहुला आहे हे आपण विसरतो, कारण लक्ष्या ते विसरलेला असतो.

दुसऱ्या भागापूर्वीच, डिसेंबर २००४ मध्ये, बेर्डे निवर्तले. कथेत त्यांच्या जागी लक्ष्याचा मुलगा आला. ती भूमिका दिग्दर्शकांचे चिरंजीव आदिनाथ कोठारे यांनी केली. चित्रपट त्रिमिती तंत्राचा, आणि मराठीतील तसला पहिला म्हणून त्याचा मोठा गाजावाजा झाला. तंत्राची हौस कोठाऱ्यांना पूर्वीपासूनच. १९९० च्या 'धडाकेबाज'मध्ये त्यांनी मराठीत सिनेमास्कोप आणला होता. त्या हौसेला माझा नमस्कारच आहे. तात्या पुन्हा पडद्यावर उभा राहतो आणि प्रभावळकरांचा तो खर्जातला आवाज कानी पडतो, तेव्हा वीस वर्षे गळून पडतात. नातवाने तर टाळ्याच पिटल्या.

मात्र तासाभराने तो पेंगू लागला. कारण विचारले तर म्हणाला, "यात कोणी नीट घाबरतच नाही." साऱ्या समीक्षेचे सार त्या एका वाक्यात आले. पात्रे वाढली, गाणी वाढली, चष्मा लावून पाहायची करामत वाढली. पण ज्याच्या डोळ्यांतून आपण बाहुला पाहत होतो ते डोळे नाहीत. खून मात्र आहेत, आणि भीती वजा केल्यावर उरलेल्या खुनांना हसणे मला जड गेले. दुसऱ्याच्या मरणाला आपण इतक्या सहज अनुमोदन देतो की काय, ही शंका उगीच मनात राहिली.

हा दोष केवळ आपला नव्हे. २०१९ च्या 'शझॅम'ने जगभरात सुमारे छत्तीस कोटी डॉलरची तिकीटविक्री केली. २०२३ च्या पुढच्या भागाला सुमारे तेरा कोटींवर समाधान मानावे लागले. पहिल्याने कमावलेली पत पुढचा भाग उचल म्हणून घेतो. फेड करताना दमछाक होते.

आता पुतण्याकडे येतो. माझ्या थोरल्या बंधूंचे डहाणूत किराणा दुकान. ते गतवर्षी गेले. पुतण्याने दुकानाचा कायापालट करण्याचा बेत आखला असून कर्जाचा प्रस्ताव तपासून घेण्यास तो आला होता. काचेची दारे, वातानुकूलन, संगणकावर बिले, आणि गल्ल्यावर ठळक पाटी: 'उधार बंद'. आकडेमोड निर्दोष होती. फलकावर मात्र थोरल्या बंधूंचे नाव पूर्वीपेक्षा मोठे.

मी विचारले, "विक्रीचा अंदाज कशावरून धरलास?"

"दादांच्या वेळच्या विक्रीवरून, काका."

बंधूंची विक्री कशी होत असे, हे मी पाहिले आहे. जून-जुलैत मासेमारी बंद असते. व्यवसायाविषयी आपली श्रद्धा वेगळी असली, तरी दारी आलेले माणूस उपाशी राहू नये, हा बंधूंचा नियम होता. कोळीवाड्यातील घरांना ते त्या दोन महिन्यांत धान्य उधारीवर देत. नारळी पौर्णिमेनंतर होड्या समुद्रात गेल्या की वही हळूहळू कोरी होई. सर्वच पैसे येत असे नाही. पण पुढचे दहा महिने ती घरे दुसऱ्या दुकानाची पायरी चढत नसत. बँकेत असताना मी नावलौकिक तारण म्हणून कधी धरला नाही. तो फलकात नसून त्या वहीत असतो, एवढे मात्र उमजले होते.

पुतण्या जरा दुखावला. म्हणाला, "मी दादा नाही होऊ शकत, काका. प्रत्येक माणूस मला त्यांच्यासारखा ओळखता येत नाही."

त्याचे म्हणणे खरे होते. बेर्डे दुसरे होत नाहीत, दादाही होणार नाहीत. मी त्याला रामदास पाध्ये यांचेच उदाहरण दिले. त्यांचे वडील य. के. पाध्ये यांनी अर्धवटराव हा बोलका बाहुला लोकांपुढे आणला. वडिलांच्या पश्चात मुलाने तो हाती घेतला. नुसता मिरवला नाही, तर बोलका करण्याची विद्या अंगी आणली आणि नव्या काळाचे नवे विषय त्याच्या तोंडी घातले. वारसा चालवणे म्हणजे बाहुला जपणे नव्हे, त्याला बोलते ठेवणे.

"संगणक घे," मी म्हणालो, "पण त्यात पहिले खाते कोळीवाड्याचे उघड. माणूस ओळखता आला नाही तरी त्याचे खाते वाचता येईल."

तो काही बोलला नाही. चार दिवसांनी प्रस्ताव पुन्हा आला. वातानुकूलन गळले होते, कर्जाची रक्कम उतरली होती, आणि खेळत्या भांडवलात 'पावसाळी उधारी' असे एक नवे कलम होते. सोबत बंधूंची जुनी वही होती. तिच्यातली नावे संगणकावर घेण्यासाठी माझी मदत हवी होती, कारण दादांचे मोडी वळणाचे अक्षर त्याला लागत नव्हते.

सध्या संध्याकाळी आम्ही दोघे तेच काम करतो आहोत. फलक अजून रंगवायचा आहे.