आधी थांबते का ते बघा

शनिवारी सकाळी चहाचा कप हातात घेऊन फोन उघडला की मला हमखास एक जीप दिसते. आधी गोठ्याशेजारी पडलेली, सीटवर कोंबड्या, चाकं मातीत रुतलेली. मग एक टाळी वाजते आणि तीच जीप चकाचक! मॅट ऑलिव्ह ग्रीन रंग, ३१ इंची टायर, पुढे एलईडी बार, मागे ढोल-ताशा. खाली आपल्यासारखीच हापिसातली मंडळी बदाम टाकतायत. "भावा, जीव ओतलास!" वगैरे. एकही माणूस विचारत नाही की बाबा रे, ब्रेक ऑइल कधी बदललं?

आज मला याच गोष्टीवर भांडायचंय. माझं म्हणणं सरळ आहे. वर्षानुवर्षं उभी राहिलेली गाडी रंगवून, दिवे लावून, धक्क्यावर सुरू करून रस्त्यावर आणणं याला 'रिस्टोरेशन' म्हणायचं बंद करा. तो मेकअप आहे. आणि मेकअप करून जो माणूस घाटात उतरतो, तो हौशी नाही, बेजबाबदार आहे.

एवढं कडक बोलायचा अधिकार मला आहे, कारण तो माणूस मीच होतो.

तर झालं असं. ओतूरजवळ आमचं गाव. काकांची महिंद्राची जीप, एमएम ५४०, १९८८ ची. म्हणजे माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. प्यूजोच्या आराखड्यावरचं, इगतपुरीला बनलेलं २११२ सीसीचं डिझेल इंजिन. या जीपने टोमॅटो वाहिले, वऱ्हाडं वाहिली, एकदा म्हणे म्हशीचं रेडकूही वाहिलं. २०१२ साली काका गेले आणि जीप पडवीला लागली. २०२३ च्या उन्हाळ्यात माझ्या खात्यात बोनस जमा झाला आणि डोक्यात किडा शिरला, की काकांची जीप पुन्हा रस्त्यावर आणायची.

अकरा वर्षं उभ्या असलेल्या गाडीवर मी काय केलं, ते क्रमाने सांगतो. आधी ट्रॅक्टरने ओढून सुरू केली (व्हिडिओ काढला, अर्थात). मग डेंटिंग-पेंटिंग. मग टायर. मग सीट, मग दिवे, मग स्पीकर. शेवटी आरसीचं नूतनीकरण, पर्यावरण कर, विमा, पीयूसी. कागद एकदम चोख. सगळा खर्च दोन लाखांच्या पुढे गेला. ब्रेकचं काय केलं? पेडल दाबून बघितलं. लागत होते. झालं की मग!

दिवाळीत चुलतभाऊ आणि त्याची आठ वर्षांची पोरगी, म्हणजे माझी पुतणी, यांना घेऊन माळशेज घाट उतरत होतो. टॉपच्या गिअरमध्ये, ब्रेकवर पाय ठेवून, गाणी लावून. एका वळणाच्या आधी पेडल दाबलं आणि ते खाली गेलं. म्हणजे खालीच गेलं, पत्र्याला टेकलं. तीन-चारदा पंप केलं तर जरासं वर आलं. कसाबसा दुसरा गिअर घातला, हँडब्रेक ओढला आणि गाडी डोंगराच्या बाजूला चरीत घातली. बाजू घासत घासत थांबली. मागच्या आडव्या बाकावर पट्टे नव्हते. स्पीकर बसवले होते, पट्टे नाही. पोरगी समोरच्या दांडीवर आपटली. ओठाला दोन टाके. दरीच्या बाजूला गेलो असतो तर काय, हे मी अजूनही पूर्ण विचार करून बघितलेलं नाही.

घरी आल्यावर कुणी ओरडलं नाही. काकू फक्त एवढंच म्हणाली, "रंग मात्र छान दिलास हो." त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

नंतर नारायणगावच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी चारही चाकं उघडली. मागच्या एका व्हील सिलेंडरचा रबरी कप फाटलेला, लायनर ऑइलमध्ये भिजलेले. मास्टर सिलेंडरमधलं ब्रेक ऑइल उकळलेल्या चहाच्या रंगाचं. त्यांनी बोट बुडवलं, उजेडात धरलं आणि म्हणाले, "हे ऑइल बहुतेक तुझ्या काकांच्याच हातचं आहे."

आता जरा इंजिनिअरिंग, कारण आपण सगळे डिग्री घेऊन बसलोय. आपल्याकडे सगळे 'ब्रेक ऑइल' म्हणतात, पण ते वंगणाचं तेल नव्हे. ते हवेतलं पाणी ओढून घेतं. डब्याच्या झाकणातून, रबरी होजमधून, हळूहळू. डॉट ३ दर्जाच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात साधारण पावणेचार टक्के पाणी शिरलं की किमान अपेक्षा उरते १४० अंशांची. म्हणूनच ते दर दोनेक वर्षांनी बदला म्हणतात. अकरा वर्षांचे पावसाळे प्यायलेल्या ऑइलचं काय झालं असेल, हिशेब करा. उतारावर ड्रम तापतात, ऑइल उकळतं, वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून तुमचा पाय चाकं थांबवायच्या ऐवजी वाफ दाबत बसतो. घराच्या अंगणात पेडल दाबून हे कधीच कळणार नाही, कारण अंगणात ते छान लागतं. आपल्या भाषेत सांगायचं तर माझ्या लॅपटॉपवर चालत होतं!

यावर मला नेहमी मिळणारी उत्तरं आहेत. एकेक घेऊ.

पहिलं: "अरे, मी काय रेसिंग करतो का? चाळीसच्या वर जातच नाही." अच्छा. ताशी ४० किलोमीटरवरून गाडी थांबवताना ब्रेक जेवढी ऊर्जा गिळतात, त्याच्या जवळपास १६ पट ऊर्जा फक्त १०० मीटर उंची उतरताना तयार होते. बारावीचं फिजिक्स आहे, करून बघा. वजन दोन्हीकडे कटतं. इंजिनाला ती ऊर्जा झेलू दिली नाही, म्हणजे गिअर खाली घातला नाही, तर बहुतेक सगळी ब्रेकच्या ड्रममध्ये जाते. आणि सह्याद्रीतले घाट १०० मीटरचे नसतात, काही शे मीटरचे असतात. घाटात वेग कमी ठेवलात म्हणून ही ऊर्जा कमी होत नाही.

दुसरं: "जुन्या जीपचे ब्रेक असेच असतात रे, ॲडजस्ट करायचं." हे तर सपशेल खोटं आहे. याच जीपने काकांनी वीस-बावीस वर्षं हाच घाट उतरला, मालाने भरून. ड्रम ब्रेक आजच्या डिस्कइतके चांगले नसतील, पण नीट ठेवले तर ते गाडी थांबवतात. 'असेच असतात' हे आपण आपल्या आळसाला दिलेलं नाव आहे. आणि वर आपणच ३१ इंची टायर घालतो! मूळचे ६.००-१६ टायर २८-२९ इंच व्यासाचे. ड्रम तोच, लायनर तेच, पण चाकाची त्रिज्या वाढली की रस्त्यावर मिळणारा थांबवायचा जोर तेवढाच कमी होतो, साधारण ७ ते १० टक्के. म्हणजे आधीच लंगडा घोडा, त्याला आपण हौसेने दगड बांधला.

तिसरी जमात सोवळ्यातली. "ओरिजिनल ठेवायची, काही बदलायचं नाही." गाडी ओरिजिनल ठेवणं आणि रबर ओरिजिनल ठेवणं यात फरक आहे राव! होज, कप, सील, पट्टे, टायर या गोष्टी झिजून बदलण्यासाठीच बनवलेल्या असतात. टायरच्या बाजूवर शेवटी चार आकडे असतात, आठवडा आणि वर्ष. ३५११ दिसलं तर तो टायर २०११ च्या पस्तिसाव्या आठवड्यातला आहे. नक्षी कितीही ताजी असली तरी तो टायर म्हातारा आहे. शिवाय आपल्याकडे 'विंटेज' म्हणून वेगळी नोंदणी द्यायचे नियम २०२१ साली आले, त्यात ५० वर्षांपेक्षा जुनी गाडी लागते, आणि अशी गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली असल्याच कामाला. माझी १९८८ ची जीप कायद्याने विंटेज नाही. ती एक जुनी, रस्त्यावर चालणारी गाडी आहे. समोरून येणाऱ्या एसटीला तिच्या वारशाशी काही देणंघेणं नाही.

चौथं आणि सगळ्यात लाडकं: "हौसेला मोल नाही." हौसेला नसेल, पण टाक्यांना आहे. बरं, ब्रेकचं काम महाग असतं म्हणून राहिलं म्हणावं तर तेही नाही. चारही व्हील सिलेंडर, मास्टर सिलेंडर, होज, लायनर, ड्रम लेथला लावणं, नवं ऑइल भरून एअर काढणं. हे सगळं मिळून माझ्या रंगाच्या बिलाच्या पाव भागात बसलं. पैशाचा प्रश्न नव्हताच. ब्रेकचा फोटो चांगला येत नाही, हा प्रश्न होता.

आणि इथेच मला आपल्या जमातीचा राग येतो. हे आपण हापिसातही हेच करतो. शुक्रवारी क्लायंटला डेमो असतो, म्हणून स्क्रीन सुंदर करतो आणि आत एरर गिळून टाकणारा कोड तसाच ठेवतो. तिथे फार तर रात्री दोनला फोन येतो. जीपमध्ये फोन येत नाही.

मग करायचं काय? क्रम उलटा करायचा. आधी थांबली पाहिजे, मग वळली पाहिजे, मग चालली पाहिजे, सगळ्यात शेवटी दिसली पाहिजे.

थांबण्याचं वर सांगितलं. वळण्यासाठी पुढचा भाग जॅकवर घ्या, चाक वर-खाली आणि डावी-उजवीकडे धरून हलवा. किंगपिनचे बेअरिंग, व्हील बेअरिंग, टाय रॉडचे एंड, पाट्यांचे बुश, यू-बोल्ट. जिथे ढिलाई लागेल तिथे हात घाला. जीपचं स्टिअरिंग ठरावीक वेगाला थरथरायला लागतं, त्याला 'जीप आहे, चालायचंच' म्हणू नका.

चालण्याचं म्हणाल तर ट्रॅक्टरने ओढून सुरू करणं हा मी केलेला दुसरा गाढवपणा. अकरा वर्षं कोरड्या पडलेल्या सिलेंडरमध्ये आधी हीटर प्लग काढून चमचाभर ऑइल सोडायचं, इंजिन पान्याने हाताने फिरवून बघायचं, मोकळं आहे का ते. टाकी उतरवून धुवायची, डिझेलच्या नळ्या आणि फिल्टर बदलायचा, पहिल्यांदा कॅनमधून स्वच्छ डिझेल द्यायचं. माझ्या जीपच्या पंपाच्या आतल्या भागांना वंगण मिळतं ते डिझेलचंच. मी त्यांना अकरा वर्षांचा गंज आणि गाळ पाजला. पंप आणि नोझल पुन्हा करून घ्यावे लागले, आणि तेव्हा मात्र बिल बघून रंगाचं स्वस्त वाटलं. रेडिएटरमधला गाळ काढा, आणि 'गाडी तापते म्हणून' कुणी थर्मोस्टॅट काढून टाकला असेल तर तो परत बसवा. तापण्याचं कारण शोधायच्या ऐवजी थर्मोस्टॅट काढणं म्हणजे टेस्ट फेल होते म्हणून टेस्टच डिलीट करणं. वायरिंग उंदरांनी खाल्लंय असं धरूनच चाला, आणि १०० वॉटचे बल्ब रिले न लावता जुन्या स्विचवर टाकू नका. दोन बल्बचे सोळा-सतरा अँपिअर होतात. तो स्विच त्यासाठी नाही.

यात वर्ष गेलं, बरेच वीकांत गेले. सांगण्यासारखा एकही व्हिडिओ निघाला नाही. वंगणाने काळे झालेले हात आणि चरीत घासलेली बाजू, एवढंच दाखवायला आहे. ती बाजू मी मुद्दाम रंगवलेली नाही. जीप मात्र आता पावसात सुरू होते, घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरते आणि सांगितलं तिथे थांबते. मागच्या बाकाला पट्टे आहेत.

गेल्या महिन्यात काकूला आळेफाट्याला जायचं होतं. जीप काढली. ती दारातच उभी राहिली, बसेना. म्हटलं, "काकू, चल की." तर म्हणाली, "आधी पुढे घे जराशी, आणि थांबवून दाखव."

मी दाखवलं. मग ती बसली.