शिकागोस जाण्यापूर्वीं

दूरच्या गांवीं जावयाचें ठरलें म्हणजे घरांत पहिली गडबड उडते ती सामानाची. लाडू किती घ्यावे, लोणच्याची बरणी फुटेल काय, गरम कपडे कोणाकडून मागून आणावे, यांवर घरांतील लहानथोर सर्व मंडळी हिरिरीनें मतें देतात. परंतु ज्यांच्याकडे आपण चाललों त्यांचा दिवस कसा जातो, त्यांत आपला दिवस कसा बसावयाचा, आणि आपल्या मागें घरचें कोण पाहणार, हे प्रश्न निघण्याच्या आदल्या रात्रीपर्यंत कोणी काढीत नाहीं. गेल्या पंधरवड्यांत अशाच एका प्रवासाच्या बेताविषयीं आमच्याकडे सल्ला मागण्यांत आला. त्या वेळीं जें सुचलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

आमचे हे स्नेही बारामतीच्या एमआयडीसींतील एका कारखान्यांत अठ्ठावीस वर्षें काम करून निवृत्त झाले. वसाहतीजवळच त्यांचें घर आहे. घरांत वृद्ध मातोश्री, धाकटे बंधु, त्यांची पत्नी व मुलें अशी मंडळी. स्नेह्यांचा मुलगा अमेरिकेंत शिकागोच्या एका उपनगरांत इंजिनियर आहे. सूनबाईहि नोकरी करतात. दोन वर्षांपूर्वीं हीं उभयतां तिकडे गेलीं तीं डिसेंबरांत, कारण मुलास नाताळची सुटी होती. सहा महिने राहावयाचें म्हणून गेलेलीं हीं दोघें तिसऱ्या महिन्यांत परत आलीं.

भांडण झालें नाहीं, शब्दानें शब्द वाढला नाहीं. सुटी संपली, मुलगा व सून सकाळीं कामावर जाऊं लागलीं, आणि बाहेर सर्वत्र बर्फ. साडेचारच्या आंतच सूर्य मावळे. रस्त्यानें चालणारें माणूस दिसेना. दोघेंहि खिडकीशीं बसून मोटारी मोजीत. मुलास वाटलें, आपली सेवा कमी पडली. आईबापांस वाटलें, आपली अडचण होते. हें कोणी कोणास बोललें नाहीं, आणि न बोललेली ती गोष्ट दोन वर्षें फोनवरील कुशलप्रश्नांच्या आड दडून राहिली.

आतां मुलाचें पुन्हां बोलावणें आलें आहे. स्नेही एक कागद घेऊन आले. त्यावर शिकागोंतील चाळीस प्रेक्षणीय स्थळें क्रमवार लिहिलेलीं. आम्हीं तो कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर लिहावयास सांगितलें.

पहिली गोष्ट ऋतूची. शिकागो हें मिशिगन सरोवराच्या नैर्ऋत्य कांठावर वसलें आहे. भिगवणपाशीं उजनीचें पसरलेलें पाणी पाहून आपण सहज ‘समुद्रच’ म्हणतों. पण मिशिगन सरोवराचा विस्तार सुमारें ५८,००० चौरस किलोमीटर आहे. आपल्या पुणें जिल्ह्यासारखे तीन जिल्हे त्यांत बसून वर जागा उरेल. पाणी गोडें, पण पैलतीर दिसत नाहीं. जानेवारींत तेथें रात्रीं पारा शून्याखालीं सात-आठ अंश उतरणें हें नेहमींचेंच. १९८५ च्या जानेवारींत तो उणे ३३ अंशांपर्यंत गेला होता. मे महिन्यांतहि सरोवरावरून येणारा वारा कांठाशीं अंगाला झोंबतो. जून ते सप्टेंबर हा काळ मात्र आपल्या माणसांस मानवणारा. जूनमध्यें रात्रीं साडेआठपर्यंत उजेड असतो. मुलाच्या सुटीपेक्षां आपल्या पायांस बाहेर पडतां येईल असा महिना निवडावा. तो दिवसभर कामावर असला तरी मग आपण घरांत अडकून पडत नाहीं.

दुसरी गोष्ट मुक्कामाची. व्हिसा दहा वर्षांचा मिळाला म्हणजे दहा वर्षें राहण्याची परवानगी मिळाली, असा कित्येकांचा समज असतो. तसें नाहीं. प्रत्येक खेपेस किती दिवस राहतां येईल हें तिकडे उतरल्यावर तेथील अधिकारी ठरवितो. तो पुष्कळदां सहा महिने देतो. पण दिले म्हणून ते सगळे संपवावे असें थोडेंच आहे? पाहुण्यानें यजमानास हवाहवासा वाटत असतांच निघावें, हें पोटच्या मुलाच्या घरींहि खरें. अडीच महिने पुष्कळ झाले.

तिसरी गोष्ट प्रकृतीची. परदेशी पाहुण्यास तेथील सरकारी वृद्धविमा लागू होत नाहीं, आणि इस्पितळाचा खर्च छाती दडपणारा असतो. प्रवाशाचा विमा निघण्यापूर्वींच उतरावा, व रक्तदाब-मधुमेहासारख्या जुन्या दुखण्यांस तो कितपत लागू आहे हें ओळ न् ओळ वाचून पाहावें. औषधें मूळ वेष्टनांत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातांतल्या पिशवींत ठेवावीं. पुण्याहून थेट विमान नाहीं. वाटेंत विमान बदलावें लागतें. तेव्हां चाकाच्या खुर्चीची सोय तिकिटाबरोबरच मागावी. त्यांत कमीपणा नाहीं. खाण्याचे जें न्याल तें तेथील अधिकाऱ्यास आपण होऊन सांगावें. लपविल्यास दंड होतो. ताजीं फळें व बियाणें नेऊंच नयेत. आपला आंबा २००७ पासून अमेरिकेस जातो खरा, पण किरणप्रक्रिया होऊन, व्यापाराच्या मार्गानें; नातवाच्या लाडापायीं पिशवींतून नव्हे.

चौथी गोष्ट रोजच्या दिवसाची, आणि आमच्या मतें हीच मुख्य. उपनगरांतून शहरांत मेट्रा नांवाची आगगाडी जाते. पहिल्या आठवड्यांत मुलानें एकदां बरोबर जाऊन वाट दाखवावी. दुसऱ्या आठवड्यापासून दोघांनींच जावें. आठवड्यास दोन फेऱ्या, व एका फेरींत एकच स्थळ. ज्या इमारतींत ११ सप्टेंबर १८९३ रोजीं सर्वधर्मपरिषद भरली, तेथें आज आर्ट इन्स्टिट्यूटचा चित्रसंग्रह आहे. विवेकानंदांचें नांव आपण सर्व जाणतों; पण मुंबईचे बी. बी. नगरकर हेहि त्याच परिषदेंत बोलले, याची आठवण थोड्यांस आहे. जवळच्या उद्यानांत मुंबईस जन्मलेल्या अनीश कपूर यांनीं घडविलेला, घेवड्याच्या दाण्याच्या आकाराचा, आरशासारखा लखलखीत पोलादी गोळा आहे. ४४२ मीटर उंचीचा विलिस मनोरा ढाक्याच्या फजलुर रहमान खान यांच्या बुद्धीचें फळ. नऊ चौकोनी नळ्या एकत्र बांधाव्या तशी त्याची रचना आहे. कारखान्यांत जन्म घालविलेल्या आमच्या स्नेह्यांस तर नदीच पाहावयास सांगितली. शहराची घाण पिण्याच्या सरोवरांत जाऊं नये म्हणून १९०० सालीं कालवा खणून त्या लोकांनीं नदीचा प्रवाह उलटा फिरविला. रविवारीं सूनबाईंबरोबर अरोराचें बालाजीचें देऊळ किंवा डेव्हन रस्त्यावरील आपला बाजार आहे. तेथें महाराष्ट्र मंडळहि आहे. २०११ सालीं उत्तर अमेरिकेंतील मराठी मंडळांचें अधिवेशन याच शहरीं भरलें होतें. जुलै-ऑगस्टांत बोलणारें माणूस मिळेल.

पांचवी गोष्ट लिहावयास सांगतांच स्नेही थबकले. “आपल्या मागें मातोश्रींचें कोण पाहणार?” असें आम्हीं विचारलें होतें. वहिनी सहज बोलून गेल्या, “आमच्या धाकट्या जाऊबाई आहेतच कीं.”

त्या ‘आहेतच’ या शब्दापाशीं आम्ही थांबलों. एकत्र कुटुंबांत एकास जातां येतें तें दुसरें कोणी राहतें म्हणून. राहणाऱ्याचा हा वांटा आपण इतका गृहीत धरतों, कीं त्यास विचारण्याचीहि आठवण होत नाहीं. आम्हीं म्हटलें, “वहिनी, तिकिटें काढण्यापूर्वीं एकदां त्यांस विचारा.”

चार दिवसांनीं दोघें पुन्हां आलीं. वहिनींचे डोळे किंचित् ओले होते. गेल्या खेपेस तीन महिन्यांत जाऊबाईंस माहेरीं एक दिवसहि जातां आलें नव्हतें. त्यांच्या वडिलांचें दुखणें त्याच दिवसांत विकोपास गेलें. त्यांनीं तें आजवर बोलून दाखविलें नव्हतें; विचारल्यावर सांगितलें, तेंहि तक्रारीच्या सुरांत नव्हे. आतां असें ठरलें आहे: जूनच्या आरंभीं निघावयाचें, गौरी-गणपतीपूर्वीं परत यावयाचें. मातोश्रींच्या सोबतीस दिवसा एक बाई ठेवावयाची, तिचा पगार शिकागोच्या मुलानें द्यावयाचा. दिवाळींत जाऊबाईंनीं महिनाभर माहेरीं राहावयाचें, आणि त्या महिन्यांत स्वयंपाकघर वहिनींचें.

फोनची वेळहि ठरली. उन्हाळ्यांत शिकागोचें घड्याळ आपल्यामागें साडेदहा तास असतें. तिकडे सकाळचे साडेआठ म्हणजे बारामतींत सायंकाळचे सात, दिवेलागणीची वेळ. मातोश्री देवापुढें दिवा लावून बसल्या म्हणजे फोन यावयाचा.

आनंदीबाई जोशी १८८३ च्या ७ एप्रिलला कलकत्त्याहून निघाल्या त्या ४ जूनला न्यूयॉर्कास पोंचल्या. त्या दोन महिन्यांत मनाची पुष्कळ तयारी होत असेल. आज दीड दिवसांत दारांतून दारांत पोंचणाऱ्यास तेवढी सवड नाहीं. ती तयारी घरींच बसून करावी लागते.

स्नेह्यांनीं मुलास फोन करून गेल्या खेपेचें मनांतलें सर्व सांगितलें. पलीकडून कांहीं वेळ उत्तर आलें नाहीं, मग मुलगा म्हणाला, “बाबा, मलाहि हेंच बोलावयाचें होतें.” चाळीस स्थळांच्या यादींत आतां सात उरलीं आहेत. लाडवांची संख्या मात्र अद्याप ठरली नाहीं.